झोपेतले झटके, ईईजी नॉर्मल, शुद्धही शाबूत: याला अपस्मार म्हणायचे का?

प्रश्न (गोव्यातील सत्तरी तालुक्यातील एक पालक)

माझा मुलगा 14 वर्षांचा असून नववीत शिकतो. गेले दीड वर्ष तो रात्री झोपेतून एकदम उठून बसतो, घशातून ओरडल्यासारखा आवाज काढतो, सायकल चालवावी तसे दोन्ही पाय जोरजोराने मारतो, आणि वीस-पंचवीस सेकंदांत हे सारे जसे सुरू झाले तसेच थांबते. लगेच तो पाणी मागतो आणि पुन्हा झोपी जातो. काही रात्री एकदाही होत नाही, काही रात्री पाच-सहा वेळा होते. घरातील वडीलधाऱ्यांनी देवचाराला (गावाच्या राखणदार दैवताला) गाऱ्हाणे घातले, देवळात कौलही लावून झाला. एका डॉक्टरांनी ही वाढत्या वयातील भीती असल्याचे सांगितले. दुसऱ्यांनी ईईजी (मेंदूतील विद्युत्-संदेशांचा आलेख) नॉर्मल आल्यावर मुलगा लक्ष वेधून घेण्यासाठी असे करत असावा असे सुचवले, आणि ते खरे मानून मी त्याच्यावर एकदा हात उगारला, याची आज लाज वाटते. गेल्या महिन्यात एका मज्जाविकारतज्ज्ञांनी फ्रंटल लोब एपिलेप्सीचे (मेंदूच्या पुढच्या भागातून उठणाऱ्या अपस्माराचे, म्हणजे फेफऱ्याचे) निदान करून कार्बामाझेपिन हे औषध सुरू केले आहे.

माझी शंका अशी की, शुद्ध जात नाही, तोंडाला फेस येत नाही, कधी कधी तर झटक्यात काय झाले हेही तो सांगतो, तर याला फेफरे कसे म्हणावे? शिवाय चतुर्थी तोंडावर आली आहे. घरी रात्री उशिरापर्यंत आरत्या आणि भजने चालतात. त्याला त्यात बसू द्यावे का?

उत्तर (म्हापसा, निवृत्त ईईजी तंत्रज्ञ)

आपली शंका स्वाभाविक आहे, कारण फेफरे म्हटले की जमिनीवर पडून हातपाय झाडणारा माणूसच आपल्या डोळ्यांसमोर येतो. परंतु अपस्मार म्हणजे मेंदूतील पेशींच्या एखाद्या समूहाने एकाच वेळी अनावर विद्युत्-संदेश सोडणे, आणि बाहेर काय दिसेल हे तो समूह कोठे आहे यावर अवलंबून असते. कपाळामागील फ्रंटल लोबमध्ये हालचालींचे आराखडे आखणारे भाग आहेत, त्यामुळे तेथून उठणारा झटका हालचालींचाच असतो. पाय मारणे, अंग घुसळणे, किंवा एक हात वर उचलून मान त्याच बाजूला वळवणे ही त्याची रूपे. तो थोडक्यात आटोपतो, बहुधा झोपेत येतो आणि एकाच रात्रीत अनेकदा येऊ शकतो. दोन्ही बाजूंचा मेंदू त्यात ओढला गेला नाही, तर जाणीव टिकूनही राहते. झोपेतील या प्रकाराला आता झोपेशी निगडित हायपरमोटर एपिलेप्सी असेही म्हणतात. त्याच्या एका आनुवंशिक रूपाशी संबंधित जनुक 1995 साली सापडले, त्यामुळे घराण्यात कोणाला रात्री असे काही होत असे का, हे आजीला जरूर विचारा.

ईईजीविषयी मी अधिकाराने सांगू शकतो, कारण आयुष्य त्याच खोलीत गेले. डोक्यावर चिकटवलेल्या तारा कवटीखालच्या पृष्ठभागाचेच संदेश नीट टिपतात. फ्रंटल लोबचा बराच भाग मात्र दोन्ही अर्धगोलांमधील फटीत आणि डोळ्यांच्या खोबणीवर दडलेला असतो. शिवाय प्रत्यक्ष झटक्यात स्नायू इतके आवळले जातात की कागदावर त्यांचीच खरड उमटते. म्हणून दिवसा, जागेपणी, अर्ध्या तासात काढलेला नॉर्मल ईईजी हे निदान खोडून काढत नाही. रात्रभराचा व्हिडिओ ईईजी अधिक उपयोगी ठरतो, आणि एमआरआय काढायचाच झाला तर अपस्मारासाठी ठरवलेल्या पद्धतीने काढून घ्यावा, कारण मेंदूच्या बाहेरच्या थरातील लहानसा जन्मजात दोष साध्या तपासणीत निसटतो.

झोपेतील भीतीचे झटकेही असेच दिसतात, हे मान्य. पण ते सहसा लहान वयात, झोप लागल्यावरच्या पहिल्या काही तासांत, रात्रीतून एखादेच येतात, काही मिनिटे रेंगाळतात आणि मुलाला सकाळी काहीच आठवत नाही. आपल्या मुलाचे झटके आखूड, वारंवार आणि एकाच साच्याचे आहेत. तज्ज्ञांनी हाच साचा ओळखला असावा.

उत्तर (फोंडा, स्वतः रुग्ण)

मला हाच आजार आहे. मी कॉलेजात असताना सहा वर्षे "हिस्टेरिया आहे, लग्न झाले की बरी होईल" असे ऐकत काढली, म्हणून आपल्या मुलाला दीड वर्षात निदान मिळाले हे वाचून बरे वाटले. हात उगारला म्हणून आपण स्वतःला खात बसू नका. मात्र मुलाशी एकदा मोकळेपणाने बोला आणि तो मुद्दाम करत नव्हता हे त्याला आपल्याच तोंडून ऐकू द्या. माझ्या वडिलांनी हे कधीच म्हटले नाही.

चतुर्थीबद्दल: आरतीला बसू द्या, जागरणाला नको. अपुरी झोप हे माझ्या झटक्यांचे सर्वांत मोठे निमित्त आहे, आणि पाहुणे आल्यावर गोळीची वेळ चुकते हे दुसरे. माझी गोळी नैवेद्याच्या ताटाशेजारी ठेवलेली असते, त्यावरून घरात थट्टाही होते, पण ती चुकत नाही. बरे वाटू लागले म्हणून औषध अचानक बंद करू नये. त्यातून झटके एकामागून एक सुरू होऊ शकतात. कार्बामाझेपिनच्या पहिल्या आठवड्यांत अंगावर पुरळ उठले, तोंड आले किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. रक्तातील सोडियमही मधूनमधून तपासतात. दुसऱ्या डॉक्टरांकडे खोकल्या-तापासाठी गेलात तरी हे औषध चालू आहे हे सांगा, कारण क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या काही प्रतिजैविकांनी त्याची रक्तातील मात्रा वाढते.

आणखी एक. विहिरीवर, म्हादई नदीच्या डोहात किंवा समुद्रात एकट्याने उतरू देऊ नका. न्हाणीघराला आतून कडी नको. मी जमिनीवर गादी घालून झोपते, आणि खाटेवरून पडण्याची भीती तेवढ्यावरच मिटली.

उत्तर (डिचोली, माध्यमिक शिक्षिका)

माझ्या वर्गात अशी एक मुलगी होती. तिचे झटके रात्रीचेच होते, पण परिणाम दिवसा दिसे: ती पेंगत असे, गृहपाठाची आखणी जमत नसे आणि मनात येईल ते बोलून जात असे. आम्ही बराच काळ तिला बेशिस्त समजत होतो. लक्ष टिकवणे, काम टप्प्याटप्प्याने करणे, तोंडाशी आलेला शब्द आवरणे ही फ्रंटल लोबचीच कामे आहेत, हे मला फार उशिरा कळले. काही औषधांनी चिडचिडही वाढते. लेव्हेटिरासिटॅमबद्दल तर हे बऱ्यापैकी नोंदलेले आहे, त्यामुळे पुढे औषध बदलल्यावर स्वभाव बदललेला वाटला तर तो मुलाचा दोष मानू नका.

वर्गशिक्षक आणि सहलीला सोबत जाणारे शिक्षक यांना स्पष्ट सांगावे. सगळ्या शाळेला सांगण्याची गरज नाही. झटक्यात मुलाला दाबून धरायचे नाही, तोंडात चमचा घालायचा नाही, नाकाशी कांदा किंवा चप्पल धरायची नाही. आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्यात, जमल्यास कुशीवर वळवावे आणि घड्याळ पाहावे. झटका पाच मिनिटांवर गेला, किंवा मधे शुद्धीवर न येता पुन्हा आला, तर 108 ला फोन करावा. मुक्कामी सहलीत दुमजली खाटेतली वरची जागा देऊ नये.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री मी मुलाशी बोललो. तो म्हणाला, "बाबा, मला वाटायचे तुम्हाला माहीत आहे." यावर मला काही बोलता आले नाही. दोन शंका राहिल्या. औषधाने झटके थांबलेच नाहीत तर काय? आणि 18 वर्षांचा झाल्यावर दुचाकी चालवू शकेल का?

उत्तर (म्हापसा, निवृत्त ईईजी तंत्रज्ञ)

अपस्माराच्या साधारण दोन-तृतीयांश रुग्णांचे झटके औषधांनी ताब्यात येतात, आणि झोपेतील या प्रकारात कार्बामाझेपिन पुष्कळदा थोड्या मात्रेतही गुण देते. योग्य निवडलेली आणि पुरेशा मात्रेत दिलेली दोन औषधे निष्फळ ठरली, तर तिसऱ्या-चौथ्या औषधात वर्षे घालवण्याऐवजी शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्या केंद्रात मत घ्यावे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत आणि बंगळुरूच्या निम्हान्समध्ये ही सोय आहे. तेथे जाणे म्हणजे लगेच शस्त्रक्रिया नव्हे. बहुतेक वेळ झटक्याचा उगम शोधण्यातच जातो.

वाहन परवान्याच्या नमुना 1 मध्ये अपस्माराविषयी थेट प्रश्न आहे आणि त्याला खोटे उत्तर देऊ नये. तो निर्णय त्या वेळी झटके किती काळ थांबलेले आहेत हे पाहून तज्ज्ञांबरोबर घ्यावा लागेल. त्याला अजून चार वर्षे आहेत.

तूर्त एवढे करा: मोबाईल खाटेच्या पायथ्याशी असा लावा की चेहऱ्यासकट पूर्ण अंग आणि भिंतीवरचे घड्याळ दोन्ही दिसतील. मंद दिवा चालू असू द्या आणि पांघरूण शक्यतो पातळ ठेवा. पालक बहुधा झटका सुरू झाल्यावर फोन उचलतात आणि पहिले पाच सेकंद, म्हणजे डॉक्टरांना सर्वांत हवे असलेले, हातचे निसटतात.