अळंबीचे नमुने वाळवले तरी बुरशी लागते, काय चुकतंय?

रानवाट: आंबोलीजवळच्या खाजगी रानात आम्ही आठ-दहा जण पावसाळाभर अळंब्यांची नोंद ठेवतो. फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर चढवतो, पण बहुतेक नोंदी नुसत्या 'बुरशी' एवढ्यावरच अडकतात. नमुने वाळवून डब्यात ठेवले, तर महिन्याभरात त्यांनाच बुरशी! शिवाय नमुने पुढे द्यायचे कुठे?

कुजकं_ओंडकं: ओळख अडते ती फोटोंमुळे. वरून काढलेल्या टोपीच्या फोटोवरून काही ठरत नाही. टोपीखालचे पडदे (पात्यांसारखे पातळ थर), बुंधा आणि उभा काप, तिन्ही हवेत, शेजारी पट्टी ठेवून. अळंबी उपटू नका, सुरीचं पातं मातीत खाली घालून उचला. अमानिटा नावाच्या वंशातल्या अळंब्यांच्या बुडाशी पिशवी असते. ती मातीतच राहिली तर ओळखीची मुख्य खूणच गेली. कापल्यावर पाच मिनिटं थांबून रंग बदलतो का ते पाहा. वास तिथल्या तिथे लिहा, वाळल्यावर तो उरत नाही. नुसतं 'लाकडावर' लिहू नका. अंजनी की जांभूळ, उभं झाड की पडलेलं खोड, तेही हवं. आणायला कागदी पिशवी घ्या. प्लास्टिकमध्ये घाम धरतो आणि संध्याकाळपर्यंत लगदा होतो.

बीजाणू: बुरशी लागते म्हणजे नमुना आतून ओला राहिलाय. पण वाळवण्याआधी एका टोपीची बीजाणूछाप, म्हणजे तिच्यातून गळणाऱ्या बीजाणूंचा ठसा, घ्या: अर्धा पांढरा, अर्धा काळा कागद, त्यावर टोपी पडदे खाली करून ठेवा, वर वाटी पालथी घाला आणि रात्रभर राहू द्या. शाईसारख्या विरघळणाऱ्या छत्र्या मात्र थांबत नाहीत, त्या आल्या आल्या वाळवायला घ्या.

वाळवताना तापमान 40 ते 45 अंश. त्याहून फार वर गेलं तर अळंबी शिजते, डीएनएही तुटतो. जाड असेल तर उभी चिरा. पापडासारखी कडकन मोडली की झालं. वाकली तर अजून ओली आहे.

रानवाट: डिहायड्रेटर नाही. पावसात ऊनही नाही.

बीजाणू: पुठ्ठ्याचं खोकं, तळाशी 60 वॅटचा जुना पिवळा बल्ब (एलईडी तापत नाही), वीतभर वर जाळी, वरच्या बाजूला वाफ जायला भोकं. बल्ब पुठ्ठ्याला टेकू देऊ नका. आत थर्मामीटर ठेवा आणि लक्ष असतानाच चालू ठेवा. काढल्यावर थंड होईपर्यंतही उघड्यावर ठेवू नका, कोकणातली हवा तासाभरात पुन्हा ओल देते. लगेच झिपच्या पिशवीत सिलिका जेलसोबत घाला. मग बंद पिशवी आठवडाभर फ्रीझरमध्ये, म्हणजे अळ्या मरतील. बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही, नाहीतर आत दव धरतं.

पुडी_क्र_१: पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत वाळलेल्या नमुन्यांसाठी अजरेकर कवक संग्रह आहे. तिथलाच राष्ट्रीय कवक संवर्धन संग्रह जिवंत बुरश्यांसाठी, म्हणजे वाळलेल्या नमुन्याची पुडी तिथे चालणार नाही. आधी ईमेलने विचारा, मगच पाठवा. जमीनमालकाची लेखी संमती जवळ ठेवा. अभयारण्यातून तर वनखात्याच्या परवानगीशिवाय काडीही उचलू नका.

फोटो, चिठ्ठी, छाप आणि पुडी, चौघांवर एकच क्रमांक घाला. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, शाई ओलीत पसरते.