एन-९५ची चाचणी ०.३ मायक्रॉनवर, विषाणू ०.१चा. मग अडतो कसा?

प्रश्न
घरात फ्लूचा पेशंट असेल तर जवळ राहणाऱ्याने एन-९५ वापरावा म्हणतात. पण तो ०.३ मायक्रॉनचे कण अडवतो आणि विषाणू साधारण ०.१ मायक्रॉनचा, म्हणजे आरपारच जाणार ना? आणि धुऊन परत वापरला तर चालतो का?

प्रतिसाद १
आरपार जात नाही. मास्क म्हणजे चाळणी नव्हे. ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे कण गाळायला सगळ्यांत अवघड, म्हणून चाचणी त्यांच्यावर घेतात. तिथे किमान ९५ टक्के अडले पाहिजेत. मोठे कण हवेबरोबर वळू शकत नाहीत, तंतूंवर आदळतात. अगदी बारीक कण हवेच्या रेणूंचे धक्के खात भरकटतात आणि तंतूंना चिकटतात. मधल्यांना ओढून घेतो तो तंतूंवरचा स्थिर विद्युतभार. शिवाय विषाणू सुटा उडत नाही. थुंकी-कफाचे थेंब सुकून उरलेल्या कणांत तो असतो, आणि ते त्याच्याहून मोठे असतात.

प्रतिसाद २
म्हणूनच धुवायचा नाही. साबणाने किंवा सॅनिटायझरमधल्या अल्कोहोलने हा भार उतरतो. मास्क दिसतो धड, गाळण मात्र घसरलेली असते. त्यापेक्षा पाच मास्क, पाच कागदी पिशव्या, रोज एक, आळीपाळीने. प्लास्टिकची पिशवी नको, ओल तशीच राहते. पट्टा सैल झाला किंवा मास्क ओला-मळका झाला की टाकून द्या.

प्रतिसाद ३
कापडापेक्षा जास्त घात कडेच्या फटी करतात. वरचा पट्टा डोक्याच्या मागे उंचावर, खालचा कानांखालून मानेवर. नाकावरची पट्टी एका हाताने चिमटू नका, टोक निघतं आणि बाजूला फट राहते. दोन्ही हातांच्या बोटांनी मधून कडेकडे दाबत न्या. मग तळव्यांनी मास्क झाकून जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे हवा आली तर पट्टी पुन्हा बसवा, गालांकडून आली तर पट्टे मागे ओढा.

प्रश्नकर्ता
दाढी असेल तर?

प्रतिसाद ३
कडेखाली केस आले की मास्क चिकटून बसत नाही, चार दिवसांचे खुंटही पुरतात. दाढी काढणार नसाल तर खिडक्या उघड्या ठेवण्यावर भर द्या.

प्रतिसाद १
आणि पेशंटलाही मास्क लावाच, साधा सर्जिकल चालेल. तोंडातून निघताना थेंब मोठे आणि ओले असतात, तिथेच अडवणं सोपं. झडपेचा मात्र त्याला देऊ नका, सोडलेला श्वास झडपेतून न गाळताच बाहेर येतो.