गाडी तापली की सेल्फ घेईना, नुसता एकदा 'टक्'

पंचगंगाकाठ:
मंडळी, डोकं बाद व्हायची पाळी आलीय. गाडी २००४ ची पेट्रोल, सेकंड हँड घेतलेली. सकाळी एका किल्लीत चालू होते, पण तासभर चालवून कुठं चहाला थांबलो आणि परत किल्ली मारली की नुसता एकदा 'टक्', सेल्फ फिरतच नाही. पंधरा-वीस मिनिटांनी काही झालंच नाही अशी चालू. आठवड्यात दोनदा होतं, मग दहा दिवस काही नाही, आणि गॅरेजला नेली की शहाण्या पोरासारखी वागते. परवा रंकाळ्यावर भेळ खाऊन निघताना आई, बायको गाडीत आणि अनोळखी पोरं मागनं धक्का मारायलेत. मिस्त्री म्हणतोय अख्खा सेल्फ बदलू. बदलू का?

तांबडापांढरा:
बॅटरी बदल भावा, विषय संपला.

पंचगंगाकाठ:
चार महिन्यांची आहे ओ. बंद गाडीला १२.६ व्होल्ट, चालू इंजिनवर १४.१.

उद्यमनगर_वायरमन:
मग बॅटरी आणि अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) सोडा. बॅटरी डाऊन असली की टकटकटकटक वाजतं. एकच दणकट टक् म्हणजे सोलेनॉइड (सेल्फच्या मोटरला करंट जोडणारा स्विच) ओढतोय पण मोटरला करंट पुरा पडेना. सेल्फचे कार्बन (मोटरचे ब्रश), सोलेनॉइडचे आतले कॉन्टॅक्ट नाहीतर अर्थिंग (करंट बॅटरीला परत जायची वाट), यातलं एक. सेल्फ उतरवायच्या आधी एवढं करा: हेडलाइट लावून किल्ली मारा, डिम होतात का बघा; नाही झाले तर मोटर करंट ओढतच नाही. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर (क्लॅम्पवर नाही, शिशाच्या खुंटीवरच) आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धरून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. ०.२-०.३ व्होल्टपर्यंत ठीक, त्याच्या वर गेलं तर अर्थिंग गेलं. आणि एक विचारतो, अ‍ॅक्सिलरेटर केबल कधी जाम झालेली का?

पंचगंगाकाठ:
वर्षात दोनदा बदलली! तुम्हाला कसं कळलं?

उद्यमनगर_वायरमन:
इंजिनची अर्थ पट्टी कुजली की करंट परतीला दुसरी वाट शोधतो, केबलच्या तारेतनं बॉडीला जातो. तार तापते, आतलं प्लास्टिक वितळतं. गाडी कोल्हापूरच्या २०१९ च्या पुरात उभी होती का विचारा आधीच्या मालकाला.

तांबडापांढरा:
शाहूपुरीतली असली तर विचारायलाच नको 😄 बॅटरीचं मागं घेतो.

पंचगंगाकाठ:
शाहूपुरीतलीच. आत्ता फोन केला तर म्हणाला "सीटपर्यंत पाणी होतं, पण धुऊन घेतली होती". घ्या. मीटर आज भावाकडनं आणतो.

उद्यमनगर_वायरमन:
जंपर केबलही (दोन्ही टोकांना चिमटे असलेली जाड वायर) ठेवा गाडीत. बंद पडली की एक टोक बॅटरी निगेटिव्हला, दुसरं इंजिनला लावून किल्ली मारा. लगेच फिरली तर सेल्फ निर्दोष. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक वर, केबल फॅनच्या पट्ट्यापासून लांब.

पंचगंगाकाठ:
काल पन्हाळ्यावरनं उतरून शिवाजी पुलाच्या अलीकडं थांबलो, मुद्दाम बंद केली. टक्. हेडलाइट जसेच्या तसे, मीटरवर आकडा ०.३ च्या कितीतरी वर. जंपर लावला, पहिल्या किल्लीला सेल्फ असा फिरला की बायको दचकली. आज पट्टी काढली. गिअरबॉक्सकडच्या टोकाला बोल्टखाली हिरवी भुकटी, आणि वेणीतल्या तारा हातात घेतल्या तर पापडासारख्या मोडल्या, चार-पाच शिल्लक होत्या फक्त. नवीन पट्टी टाकली, दोन्हीकडची जागा पॉलिश पेपरनं घासून चमकवली, बोल्ट कसल्यावर वरून ग्रीस. आता सेल्फ मारताना ०.१. मिस्त्रीला पट्टी दाखवली तर म्हणतोय "मी तेच सांगणार होतो".