बेअरिंगचं 'आयुष्य' २०,००० तास म्हणजे नेमकं काय?

उद्यमबागचा_फिटर:

नमस्कार मंडळी. बेळगावच्या उद्यमबागेत बावीस वर्षं मोटर-पंपांची कामं करालोय. शाफ्ट, बेअरिंग, सील बसवणं हा माझा धंदा. शिक्षण आयटीआय, तेव्हा प्रश्न खुळचट वाटला तर सांभाळून घ्या.

दिवाळीत कडोलीकडच्या एका पिठाच्या गिरणीला मी बेअरिंग बसवून दिलं. गिरणीवाल्या मावशींनी विचारलं, "किती दिवस चालंल रे?" मी कॅटलॉग काढला, लोड धरून हिशोब केला आणि ऐटीत सांगितलं, "२०,००० तास. रोज सहा तास चालवा, नऊ वर्षं बघायला नको." शिमग्याच्या आतच बेअरिंग ओरडायला लागलं. हजार तासही भरले नव्हते. मावशी ते पिशवीत घालून रिक्षाने वर्कशॉपात आल्या आणि चारचौघांत टेबलावर आपटून म्हणाल्या, "हीच काय तुझी नऊ वर्षं?"

पेपरवर उघडून बघितलं. ग्रीसमध्ये पीठ जाऊन कणीक मळल्यासारखा गोळा झालेला, आणि आतल्या रेसवर, म्हणजे गोळ्या फिरतात त्या कड्यावर, खसखशीएवढे खड्डे. बोट फिरवलं की खरखर लागायची.

रात्री जेवताना हे घरात सांगितलं तर पोरगी हसायलाच लागली. ती एमएस्सी फिजिक्स करते. म्हणाली, "पप्पा, आमच्या लॅबमध्ये प्रकाश टाकला की चमकणारा रंग आहे, त्याचा लाइफटाइम ४ नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचे चार अब्जांश आहे, तुम्ही हजार तासांचं काय घेऊन बसलाय!" वहिनी नर्स आहेत, त्या म्हणाल्या, "आमच्याकडं थायरॉइडला देतात त्या किरणोत्सारी आयोडीनचं अर्धं आयुष्य ८ दिवस." ताट वाळलं तरी वाद संपेना.

माझा प्रश्न असा, की हे सगळे संशोधक जे 'आयुष्य' म्हणून मोजतात ती गोष्ट एकच आहे, की नुसतं नाव एक आणि माल वेगळा?

तिसऱ्या_गेटचा_मास्तर:

फिटरसाहेब, कॅटलॉग पुन्हा उघडा. त्या तासांच्या शेजारी 'एल-टेन' असं लिहिलेलं असणार. तो शब्द तुम्ही मावशींना सांगायचा राहिला. एकाच जातीची शंभर बेअरिंगं एकसारख्या लोडवर फिरवली, तर तेवढ्या तासांत दहा गेलेली असतात आणि नव्वद चालू असतात, एवढाच त्याचा अर्थ. निम्मी जायला साधारण पाचपट वेळ लागतो. म्हणजे २०,००० ही हमीही नव्हे आणि सरासरीही नव्हे. तुमचं बेअरिंग त्या दहातलं निघू शकतं, आणि ते दहा कुठले हे आधी कुणालाच कळत नाही.

आता तुमच्या जेवणाच्या पाटावर या. प्रत्येक विषयात एक मोठा घोळका घेतात आणि त्यातले किती गळाले की घड्याळ बंद करायचं ते ठरवतात. बेअरिंगवाल्यांनी ते दहा गेल्यावर बंद केलं, कारण त्यांना कारखाना बंद पडायची भीती. वहिनींच्या आयोडीनचं घड्याळ पन्नास गेल्यावर बंद होतं. पण ८ दिवसांत निम्मं गेलं म्हणून १६ दिवसांत सगळं जात नाही बरं का. पाव उरतं. ८० दिवसांनीही साधारण हजारावा भाग शिल्लक असतो. मुलीचे ४ नॅनोसेकंद म्हणजे सरासरी आयुष्य. तेवढ्या वेळात शंभरातले ६३ रेणू निवलेले असतात आणि ३७ अजून चमकायचे असतात. सरासरी आयुष्याला ०.६९३ ने गुणलं की अर्धायुष्य मिळतं, त्यामुळे हे दोन आकडे एकमेकांत गल्लत करून वापरले की तीस टक्क्यांची चूक होते. माझ्या विद्यार्थ्यांची तर दरवर्षी होते.

शिवाय तिच्या लॅबमध्ये मरत कुणीच नाही. रेणू प्रकाश सोडून शांत होतो आणि पुढच्या झोताला परत तयार. आयुष्य त्या चमकलेल्या अवस्थेचं आहे.

पण खरा फरक दुसरीकडेच आहे, आणि मला तो भारी आवडतो. म्यूऑन नावाचा कण घ्या. आकाशातून येणारे वैश्विक किरण साधारण १५ किलोमीटर उंचीवर हवेवर आदळतात, त्यातून हे तयार होतात. सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद (मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग). प्रकाशाच्या वेगाने पळाला तरी एवढ्यात ६६० मीटर जाईल. तरी तो आपल्या टिळकवाडीत गच्चीवर पोचतो, कारण इतक्या वेगात त्याचं घड्याळ आपल्या हिशोबाने हळू चालतं. ते असो. गंमत अशी की म्यूऑन म्हातारा होत नाही. आत्ता जन्मलेला म्यूऑन आणि दहा मायक्रोसेकंद जगून राहिलेला म्यूऑन, दोघांची पुढची अपेक्षा तंतोतंत सारखी. तुमच्या बेअरिंगचं तसं नाही. ते थकतं, फिरलेला प्रत्येक फेरा त्याला आठवतो.

एक विचारायचं राहिलं. बेल्ट किती ताणला होता?

नंदगडची_सिस्टर:

मास्तरांचं वाचून मला आमच्या आजेसासूबाई आठवल्या. मी खानापूर तालुक्यात नर्स म्हणून उपकेंद्रांवरच नोकरी काढली, आता निवृत्त आहे.

आजेसासूबाईंना अकरा मुलं झाली. त्यातली सहा जणं पहिलं वर्ष पुरं व्हायच्या आतच गेली. राहिलेली पाच सरासरी पंच्याहत्तरपर्यंत जगली. करा भागाकार. अकरा जणांचं सरासरी आयुष्य येतं ३४ वर्षं, आणि चौतिसाव्या वर्षी त्या घरात एकही मेलेलं नाही! स्वातंत्र्याच्या सुमारास देशाचं आयुर्मान ३२ वर्षं होतं असं वाचलं की आजची पोरं म्हणतात, तेव्हा लोक तिशीत म्हातारे व्हायचे. म्हातारे कसले होतात ओ, पाळण्यातच जात होते. आज तो आकडा सत्तरच्या आसपास आहे. त्यात मोठा हात लसीचा, जुलाबावरच्या मीठ-साखरेच्या पाण्याचा आणि सुईणीच्या स्वच्छ ब्लेडचा.

आणखी एक. आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं होतं की जन्माच्या वेळचं आयुर्मान म्हणजे भविष्य नव्हे. या वर्षी ज्या वयाला जेवढी माणसं मरतात तोच दर त्या बाळाला जन्मभर लागू राहिला असता तर ते किती जगलं असतं, असा तो हिशोब. बाळ काही एका वर्षातच अख्खं आयुष्य जगत नाही.

आणि माणूस म्यूऑन नव्हे हो मास्तर. तिशीनंतर साधारण दर आठ वर्षांनी मरणाची शक्यता दुप्पट होत जाते. गॉम्पर्ट्झ नावाच्या एका इंग्रज विमावाल्याने हा नियम १८२५ साली मांडला.

निपाणी_टू_पुणे:

आमच्याकडे कोडिंगमध्ये यातलं काहीच नाही. व्हेरिएबलचं, म्हणजे प्रोग्राममध्ये आकडा ठेवायच्या डब्याचं, आयुष्य मी कंस उघडतो तिथं सुरू, कंस बंद करतो तिथं संपलं. घोळका नाही, सरासरी नाही. रस्ट भाषेत तर मेलेल्या गोष्टीकडे बोट दाखवलं की कंपायलर, म्हणजे प्रोग्राम चालायच्या आधी तो तपासणारं सॉफ्टवेअर, प्रोग्राम चालूच देत नाही. गिरणीला पण असा कंपायलर पाहिजे होता.

येळ्ळूरचा_भातवाला:

बीएस्सी ॲग्री, आता घरची शेती. भातात पाणी तुंबून राहिलं की चिखलातून मिथेन सुटतो. हवेत त्याचं आयुष्य दहा-बारा वर्षांच्या आसपास, कारण हवेतलेच काही क्रियाशील घटक त्याला खाऊन टाकतात. कार्बन डाय-ऑक्साइडचं आयुष्य विचाराल तर एक आकडा सांगताच येत नाही. थोडा झाडं घेतात, थोडा समुद्र घेतो आणि उरलेल्यातला काही भाग हजारो वर्षं हवेतच राहतो. प्रत्येक वाटेचा वेग वेगळा. मास्तरांचं ३७ टक्क्यांचं घड्याळ इथं लावलं तर चुकीचंच उत्तर येणार. तेव्हा 'आयुष्य किती' याचं उत्तर कधीकधी 'प्रश्नच बसत नाही' असंही असतं.

उद्यमबागचा_फिटर:

सगळ्यांचे आभार. मास्तर, तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंत. रविवारी गिरणीवर जाऊन बघितलं. बेल्ट असा ताणलेला की अंगठ्याने दाबला तर हलेना. मावशींच्या पोराने घसरतोय म्हणून आवळला होता. बेल्ट जास्त ताणला की बेअरिंगवर लोड वाढतो, आणि बॉल बेअरिंगवर लोड दुप्पट झाला की आयुष्य आठव्या हिश्श्यावर येतं, हे मला पाठ आहे. म्हणजे लोड दुप्पट धरला तर माझे २०,००० तिथंच २,५०० झाले. वर ग्रीसमध्ये पीठ. माझा हिशोब स्वच्छ ग्रीस धरून होता, आणि गिरणीत स्वच्छ काय असतंय? बसवून दिल्यावर महिन्याभरात एक चक्कर मारायला पाहिजे होती, ती मी मारली नाही.

नवीन बेअरिंग चांगल्या सीलचं घातलं, पैसे फक्त मालाचे घेतले. बेल्ट सैल केला, पुली घासली होती ती बदलली. मावशींनी परत विचारलंच, "आता किती चालंल?"

या वेळी मी तुमचं सगळं ज्ञान लावलं. म्हटलं, "मावशी, अशा शंभर गिरण्या असतील तर त्यातल्या नव्वद..."

"माझी एकच हाय," म्हणाल्या.

मग गप्प बसलो. बेअरिंग बसतं त्या घराच्या (हाउसिंगच्या) कडेला ऑइल पेंटने तारीख टाकली. अमावास्येला गिरणी बंद असते, त्या दिवशी मी जाऊन ग्रीस मारायचं आणि बेल्ट दाबून बघायचा असं ठरलंय. पोरगी म्हणते ती पण येणार, तासांची वही ठेवायला.