बंदी, निर्बंध की प्रतिबंध?

फोंडा: उल्फा या आसामातील सशस्त्र संघटनेच्या बातमीचा अनुवाद करते आहे. कुठे ‘बंदी’, कुठे ‘प्रतिबंध’, कुठे ‘निर्बंध’ असे वाचले. तिन्ही एकच का? ‘सँक्शन’ ठेवावे, तर आमच्या कचेऱ्यांत सँक्शन म्हणजे मंजुरी!

म्हापसा: ताई, एकच नव्हेत. बंदीने संघटनाच बेकायदेशीर ठरते. केंद्राने उल्फावर १९९०च्या नोव्हेंबरात घातली ती बंदी. १९६७च्या बेकायदेशीर कृत्ये (प्रतिबंध) कायद्याखाली तसे जाहीर केले, की कारणे पुरेशी आहेत का हे न्यायाधिकरण तपासते. निर्बंधांत व्यवहार आवळले जातात: सुरक्षा परिषद खाती गोठवते, प्रवास रोखते, शस्त्रपुरवठा थांबवते. निर्बंध देशावरही येतात, देशावर बंदी येत नाही. क्रियापदेही बघा, बंदी घालतात आणि उठवतात. निर्बंध लादतात आणि शिथिल करतात.

‘प्रतिबंध’ या अर्थाने हिंदीतून आला. मराठीत तो अटकाव, जसे रोगप्रतिबंधक लस. त्या कायद्याच्या मराठी नावातला ‘प्रतिबंध’ही कृत्ये रोखण्यापुरताच.

डिचोली: नाकेबंदी वेगळी ठेवा. १९५५ साली भारताने पोर्तुगीज गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, कॅसलरॉकहून मुरगावला येणारी गाडी थांबली. नाकेबंदी प्रदेशाची होते, संघटनेची नाही.

फोंडा: आणि उल्फा अतिरेकी, बंडखोर की दहशतवादी?

म्हापसा: कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तिचे नाव दहशतवादी संघटना म्हणून आहे, तेव्हा ‘केंद्राने दहशतवादी ठरवलेली’ असे लिहा. कोणी ठरवले हे वाक्यात यायलाच हवे. आझाद गोमंतक दलानेही शस्त्र उचलले होते. पोर्तुगीज सत्तेच्या लेखी ते गुन्हेगार, आपल्या लेखी स्वातंत्र्यसैनिक. दोन्ही संघटना एका मापाने मोजाव्यात असे मी म्हणत नाही, पण गोव्यात बसून हे शब्द बेफिकिरीने वापरणे मला पटत नाही. गटही सांगा. २९ डिसेंबर २०२३ला केंद्राशी शांतता करार केला तो अरविंद राजखोवांच्या गटाने; परेश बरुआंचा ‘उल्फा-स्वतंत्र’ बाहेरच राहिला.

फोंडा: मग २०२४च्या बातमीसाठी ‘उल्फावरील निर्बंध पाच वर्षांनी वाढवले’ हे चुकलेच.

म्हापसा: ‘बंदी पाच वर्षांसाठी वाढवली’ करा. ‘वर्षांनी’ वाचून पाच वर्षे उलटल्यावर वाढवली असेही वाटेल.