धरणग्रस्त, प्रकल्पग्रस्त, बाधित, विस्थापित: प्रबंधात कोणता शब्द वापरावा?

नदीकाठ:
नमस्कार. पर्यावरणीय समाजशास्त्रात एम.ए. करते आहे. आमच्या वर्गात कुणाचा प्रबंध धरणावर, कुणाचा अभयारण्यावर, कुणाचा वीजप्रकल्पावर. वाचन सगळं इंग्रजीत, मुलाखती मराठीत, आणि लिहायला बसलं की घोडं पेंड खातं. 'डिस्प्लेस्ड'ला विस्थापित आणि 'अफेक्टेड'ला बाधित, असं आम्ही आपसात ठरवून टाकलं होतं. पण कोयनेच्या बाजूला मुलाखती घेताना 'आम्ही विस्थापित' असं कुणी म्हणेचना. सगळे 'आम्ही धरणग्रस्त'. आमच्या सरांना मात्र 'ग्रस्त' नको आहे, त्यात माणूस बिचारा दिसतो म्हणतात. काय करावं?

पंचांगवाला:
'ग्रस्' म्हणजे गिळणे. घास, ग्रास, ग्रहण लागलेल्या चंद्राचा 'ग्रस्तोदय', सगळं एकाच घराण्यातलं. त्या हिशेबाने धरणग्रस्त म्हणजे धरणाने गिळलेला. बुडीत क्षेत्रातल्या गावाला याहून चपखल शब्द सापडणार नाही. अडचण वेगळीच आहे. दुष्काळग्रस्त, पूरग्रस्त, भूकंपग्रस्त या रांगेत 'प्रकल्पग्रस्त' बसवला की प्रकल्पही आभाळातून पडल्यासारखा वाटतो. 'विस्थापित'मध्ये निदान प्रयोजक रूप आहे: कुणीतरी हलवलं. कुणी, ते तोही सांगत नाही म्हणा.

माजी कारकून:
ताई, व्युत्पत्ती बाजूला ठेवा, आधी कागद बघा. पुनर्वसन शाखेत नोकरी झाली, म्हणून सांगतो. १९७६च्या राज्याच्या पुनर्वसन कायद्याच्या इंग्रजी नावात 'डिस्प्लेस्ड' होतं, १९८६च्या कायद्यात त्या जागी 'अफेक्टेड' आलं. १९९९चा कायदाही 'अफेक्टेड'च म्हणतो. हा फरक शब्दांचा हौसेचा नाही. कालव्यात दोन एकर गेलेला शेतकरी त्याच घरात राहतो, त्याच विहिरीचं पाणी पितो. तो प्रकल्पग्रस्त आहे, विस्थापित नाही. उलट पावसाळा सरला की मेंढरं घेऊन नदीकाठच्या कुरणात उतरणारा धनगर. कुरण बुडालं, त्याची वाट तुटली, पण सातबाऱ्यावर नाव नाही. तो विस्थापित झाला, पण प्रकल्पग्रस्त म्हणून दाखला मागायला गेला तर हात हलवत परत येईल.

आमच्याकडे 'प्रकल्पग्रस्त' ही अवस्था नव्हती, दाखला होता. गट क आणि ड च्या सरकारी नोकऱ्यांत पाच टक्के समांतर आरक्षण त्यावरच मिळतं. त्यामुळे ज्याने धरण भरताना पाहिलंही नाही असा नातू 'मी प्रकल्पग्रस्त' म्हणतो, आणि कायद्याने ते बरोबर असतं.

नदीकाठ:
काका, हे फारच उपयोगाचं. मग 'विस्थापित' आणि 'प्रकल्पग्रस्त' ही दोन वर्तुळं मी वेगवेगळीच ठेवते. मुलाखतीत 'आमचं संकलन चुकलंय' हे वाक्य सारखं येत होतं. मी 'आमची माहिती चुकीची गोळा केली' असं लिहून ठेवलं आहे.

माजी कारकून:
नाही नाही. संकलन म्हणजे संकलन रजिस्टर. कुठल्या खातेदाराची किती जमीन गेली, कुटुंबात किती माणसं, पर्यायी जमीन किती देय, किती दिली, हे त्यात. त्यात नाव चुकलं की पुढचं सगळं चुकतं. शब्द तसाच ठेवा, तळटीप द्या.

वारणाकाठ:
'ग्रस्त' म्हणजे बिचारा, हे सरांचं मत पुण्यात बसून ठीक आहे. आमच्याकडे धरणग्रस्तांच्या मोर्चांत माणसं हा शब्द छाती काढून सांगतात. 'आधी पुनर्वसन, मग धरण' ही घोषणा देणाऱ्यांनी हे नाव स्वतः मिरवलं. लोकांनी लढून कमावलेला शब्द प्रबंधात 'सुधारून' घ्यायचा, हे मला तरी पटत नाही.

आणि एक शब्द कुणाच्याच यादीत दिसला नाही: अभयारण्यग्रस्त. चांदोली अभयारण्यातून उठवलेल्या गावांसाठी कोल्हापूर-सांगलीकडे वर्तमानपत्रंही हाच लिहितात. अभय देणारं अरण्य, आणि त्याने ग्रासलेली माणसं! पर्यावरणाच्या समाजशास्त्राला याच्याइतका नेमका शब्द मराठीत दुसरा नसावा. कोयनेतही धरणानंतर काठावर उरलेल्या गावांवर १९८५ साली अभयारण्य आलं, पुढे व्याघ्र प्रकल्प. म्हणजे एकाच माणसाला दोन 'ग्रस्त' लागले.

'बाधित' मात्र वापरू नका. भूतबाधा, विषबाधा आणि २०२० नंतर कोरोनाबाधित. सरकारी टिपणीत गुळगुळीत वाटतो म्हणून आवडता आहे, इतकंच.

पंचांगवाला:
'बाधित'वर एवढा राग नको, कायद्याच्या भाषेत त्याला जागा आहे. पण 'विस्थापित' वापरताना एक सांभाळा. राजकीय मराठीत 'प्रस्थापित विरुद्ध विस्थापित' ही जोडी रुळली आहे. तिथे विस्थापित म्हणजे सत्तेबाहेरचा, घर बुडालेला नव्हे. वाचक तो अर्थ मनात घेऊनच येतो. 'स्थलांतरित' तर अजिबात नको. ऊसतोडीला जाणारा स्थलांतरित, तो पाडवा झाला की परत येतो.

नदीकाठ:
एक अवांतर. 'स्टेकहोल्डर'ला अहवालांत सर्रास 'भागधारक' लिहितात. धरणात ज्याचं घर गेलं तो भागधारक?

वारणाकाठ:
त्याला लाभांश कधी मिळतो ते विचारा एकदा. 'हितसंबंधी' म्हणावं तर मराठीत त्याला कुजका वास. 'संबंधित लोक' लिहा आणि मोकळ्या व्हा.

माजी कारकून:
शेवटी मुलाखतीबद्दल. प्रश्नावलीत 'आपण विस्थापित आहात का?' असं काही ठेवलं असेल तर काढा. 'मूळ गाव कुठलं? गाव कधी उठलं? आता वसाहत कुठली?' एवढं विचारा, पुढचं लोक आपसूक सांगतात. 'गाव उठलं' हेच बोलीतलं विस्थापन. कोयनेची माणसं रायगड-ठाण्यापासून सांगली-सोलापूरपर्यंत पांगली, तेव्हा एकाच मूळ गावाची दोन-तीन वसाहतींची नावं आली तर गोंधळू नका. नर्मदेकडे, नंदुरबार जिल्ह्यातल्या तळोद्याच्या पुनर्वसन वसाहतींत जाणार असाल तर मात्र हा सल्ला चालणार नाही. तिथे पावरी-भिली या आदिवासी बोली बोलणाऱ्यांनाच विचारावं लागेल. आणि बायकांशी वेगळं बोला. रजिस्टरात खातेदार म्हणून बहुतेक ठिकाणी नवऱ्याचं नाहीतर सासऱ्याचं नाव असतं. त्यामुळे त्यांना 'तुम्ही प्रकल्पग्रस्त का?' विचारलं की त्या आत बघून हाक मारतात, 'अहो, तुम्हाला विचारतायत.'