कोल्हापूरला सर्किट बेंच झालं, मग पुण्याला का नको?

शिवाजीनगरकर:
ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे मुंबईबाहेर बसून सुनावणी घेणारं पीठ, कोल्हापूरला सुरू झालं. सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग तिकडे जोडले गेले. नागपूर, औरंगाबाद, गोवा ही खंडपीठं आधीचीच. पुणे मात्र अजून मुंबईलाच. इथल्या जिल्हा न्यायालयाच्या निकालावर दुसरं अपील असो की महापालिकेविरुद्ध रिट याचिका, मुंबईतलं फोर्ट गाठा! पुण्याला बेंच मिळालंच पाहिजे. त्यासाठी संसदेत कायदा करावा लागत नाही. राज्य पुनर्रचना कायदा, १९५६ च्या कलम ५१(३) खाली मुख्य न्यायमूर्ती राज्यपालांच्या मान्यतेने ठिकाण ठरवतात. १९८१ मध्ये औरंगाबादला असंच झालं, आता कोल्हापूरलाही.

पर्वती_पायथा:
माझा विरोध. कोल्हापूरकरांचं अंतर पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास होतं, आपलं दीडशे. डेक्कन क्वीनने निघालेला वकील काम आटोपून रात्री घरी येतो. आणि दुसऱ्या अपिलात साक्षीदार तपासत नाहीत. कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच ते दाखल होतं. माणसाची वर्षं जातात ती खालच्या कोर्टात. समन्स बजावलं जात नाही, उलटतपास लांबतो, मध्येच न्यायाधीशांची बदली होते. न्यायाधीश वाढवायचे तर तिथे वाढवा.

शिवाजीनगरकर:
वकील रात्री घरी येतो, पण त्या दिवसाची फी पक्षकारच भरतो ना? बहुतेकदा तर मुंबईत दुसरा वकील द्यावा लागतो. ज्याने पुण्यात दावा चालवला, ज्याला फाईलचं पान न् पान ठाऊक, तो बाजूला पडतो. बोर्डावर (त्या दिवशीच्या सुनावणीच्या यादीत) प्रकरण आलं नाही तर तो दिवस फुकट.

कोथरूडची_पक्षकार:
आमचा वाटपाचा दावा मुंबईपर्यंत गेला, म्हणून लिहिते. खालच्या कोर्टात साक्षी, सातबारा, फेरफार सगळं मराठीत. उच्च न्यायालयाचं काम इंग्रजीत, त्यामुळे गठ्ठाभर कागदांचं भाषांतर करून घ्यावं लागलं. प्रवासापेक्षा त्याचाच खर्च आम्हाला जड गेला. बेंच पुण्यात आलं तरी तो सुटणार नाही. तरीही मला बेंच हवं. माझ्या आईला एकदा तरी स्वतः जाऊन सुनावणी ऐकायची होती, तब्येतीमुळे मुंबईला जाणं झालं नाही.

पर्वती_पायथा:
ताई, तुमच्या आईंचं म्हणणं मनाला लागलं. पण नवं बेंच म्हणजे नवे न्यायमूर्ती नव्हेत. मंजूर पदं ९४, त्यांतूनच सगळीकडे माणसं पाठवायची. पुण्याला दिलेला प्रत्येक न्यायमूर्ती मुंबईच्या बोर्डावरून कमी होणार, आणि तिथे ठाणे, नाशिकचे लोकही ताटकळत आहेत. आधी पदं वाढवून घ्या, मग मी स्वतः तुमच्या निवेदनावर सही करीन.